कोपऱ्यातला डोळा

१४ सप्टेंबर

कॅमेऱ्याचा डोळा कोपऱ्यात म्हणालास. वरच्या कोपऱ्यात, उभा, लांबट, बोटाच्या पेराएवढा. मी पुन्हा विचारलं, नक्की ना रे धाकट्या, तर हसलास. "ताई, मी कधी चुकीचं माप दिलंय का तुला?" आणि काल तुझ्या त्या लाडक्या कंपनीचा माणूस स्टेजवर आला, नवी पाटी, तुम्ही टॅबलेट म्हणता ती, हातात घेतली, सावकाश उलटी केली, आणि डोळा कुठे? बरोब्बर मधोमध. आडवा. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी इथे कात्री हातात धरून बसले होते. कात्री खाली ठेवायचंही सुचलं नाही मला.

महिनाभर चामड्याची कव्हरं कापतोय, मी आणि माझ्या बाया. प्रेसच्या खाली हात सुन्न होईस्तोवर. सगळ्या कव्हरांना भोक कोपऱ्यात. पाटी आत घातली की कॅमेऱ्यावर चामडं येतं आणि भोकातून पाटीची नुसती कोरी पाठ दिसते. आज बाजारातल्या चार्जरवाल्या दुकानदाराने कव्हरांची पोती परत पाठवली. वरून दुकानात सगळ्यांसमोर मला विचारतो, "बाई, आंधळ्यांसाठी वेगळा माल काढलात की काय?" गिऱ्हाइकंसुद्धा हसली. हा तोच माणूस, जो माझा माल पेटी न उघडता घ्यायचा. म्हणायचा, तुमचं कव्हर म्हणजे बघायचं काम नाही, डोळे मिटून बसतं.

तुला माहीत आहे मला काय लागतं. तू व्हिडिओत सांगतोस ती चिप, कितीपट वेगवान, पडद्यावर रंग किती, ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. जाडी सांग, कोपरा किती गोल ते सांग, बटण कुठे, डोळा कुठे. बस. तुझ्या कंपनीची कुठलीही वस्तू माझ्या हातात दे, दिवा बंद कर, कुठल्या सालातली ते नुसत्या कडेवरून बोट फिरवून सांगेन. भिंतीवर सगळ्यांचे साचे टांगलेत. लोक घरात माणसांचे फोटो लावतात, माझ्याकडे तुझ्या कंपनीचे साचे आहेत. एकही साचा आजवर चुकला नव्हता. बाजारात माझं तेवढंच एक नाव आहे, की ही बाई चुकत नाही. दिसायला धड नाही, बोलायला धड नाही, चार इयत्तांच्या पुढे गेली नाही, पण चुकत नाही.

पहिल्यांदा मला वाटलं साचाच चुकला. साचे मुकादमीण ठोकते, ती सगळ्यांत जुनी. तिला सगळ्या बायांसमोर म्हटलं, डोळे फुटले का तुझे? तर मला भिंतीकडे बोट दाखवते. "खडूने तुम्हीच काढलंय. त्यावर जे होतं तेच ठोकलंय." मी बघितलं. भिंतीवर माझ्याच हाताने काढलेलं चित्र, कोपऱ्यात डोळा. तरी तिला त्याच पावली काढून टाकलं. उलट बोलणारं माणूस मला नको. ती पिशवी उचलून गेली, सुपारीची डबीही विसरली. मी ती डबी रस्त्यावर टाकली.

आणि एक सांग. दरवर्षी फोनवर मला बजावतोस, कंपनीने जाहीर करेपर्यंत एक तुकडा बाहेर दिसता कामा नये, कागदावर काही लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. या वर्षी तूच म्हणालास, "आधीच लाव दुकानांत, ताई. खिडकीत लाव. यंदा बाजारात पहिली तू." मला वाटलं, धाकट्याला बहिणीची दया आली असेल. खुळी मी.

तुझा फोन लागत नाही. वाजतच नाही, लगेच तुटतो. शेजारणीच्या फोनवरून लावला तर पहिल्याच रिंगला उचललास, माझा आवाज ऐकला आणि ठेवलास. ठीक आहे. कागद अडवायचं काही तुझ्या कंपनीने अजून काढलेलं नाही, म्हणून लिहितेय. अक्षर वाईट आहे. वाच.

चूक झाली असेल तर झाली म्हण. मी काही तुला खात नाही. फक्त चार्जरवाल्याला एक फोन कर आणि सांग, माप मी दिलं होतं, बाईने बरोबर कापलं. एवढंच.

ताई


२२ सप्टेंबर

उत्तर नाही. पण मी तुला बघितलं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असते, मांडीवर पाटी. जुनी, तू दिलेली. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण तुझा आवाज लागला की मान वर होते. मागच्या अपडेटपासून पाटी आपणहून तुझा पुढचा व्हिडिओ लावते, म्हणून दिवसभर घरात तू असतोस. मी कापते, तू बोलतोस, आई ऐकते. तिला एक शब्द कळत नाही, तरी तुझ्यामागून म्हणत राहते, "बॅटरी दिवसभर टिकते... वजन कमी केलंय..." कुणी आलं की सांगते, वजन कमी केलंय बरं का या वर्षी. आलेल्या बाईला वाटतं आई स्वतःच्याच तब्येतीबद्दल बोलतेय.

तर काल तू म्हणालास, "मित्रांनो, आज एक गंमत दाखवतो." आणि कव्हर वर धरलंस. माझं. माझी टीप मी ओळखते, कोपऱ्यात उलटी फिरवून घेते मी, तशी टीप बाजारात कुणी मारत नाही. तू तुझी नवी पाटी त्यात घातलीस. भोक कोपऱ्यात, डोळा चामड्याखाली. मग बारीक आवाज काढलास. पाटी बोलतेय असा. "अगंबाई! कोण आहे? मला कुणी बाहेर काढा गं!" मग म्हणालास, "ज्यांनी कुणी हे कापलं, त्यांनी पाटी कधी हातात तरी धरली असेल का? की कुणी सांगितलं आणि कापत सुटले?"

आई हसली. इतकी हसली की ठसका लागला, पाठ चोळावी लागली. पाणी पाजलं तर म्हणते, "कोण गं ते मूर्ख?"

मी म्हटलं, असेल कुणी.

"पुन्हा लाव ना. तो आवाज काढतो ते."

मी पुन्हा लावलं. ती पुन्हा हसली. तिला हसताना बघून मला कळलं की या घरात कितीतरी दिवसांत कुणी हसलं नव्हतं. ते तू हसवलंस. कशावर हसवलंस, ते मी तिला सांगितलं नाही. तिच्यासाठी नाही सांगितलं असं समजू नकोस. लाज वाटली, म्हणून नाही सांगितलं.

पुढे तुला कुणीतरी विचारलं, घरात आणखी कुणाला हे वेड आहे का. तू म्हणालास, "मी एकुलता. आमच्या घरी यातलं कुणालाच काही कळत नव्हतं." आईने ऐकलं तेही. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बोलण्याच्या भरात येतं तोंडात. सोड."

एकुलता! मी झाडायला जायचे त्या कचेरीत त्यांनी एक कॉम्प्युटर भंगारात काढला होता, तुझ्या कंपनीचा, पडदा तडकलेला. तो खांद्यावर घेऊन जिने चढून घरी कुणी आणला? तू तो भाजीच्या सुरीने उघडलास आणि आत बघून म्हणालास, "ताई, आतूनसुद्धा सुंदर आहे गं." तुला आठवतं की नाही ते तू बघ. माझा खांदा अजून दुखतो, त्यामुळे मला विसरता येत नाही.

त्या व्हिडिओनंतर बाजारात मला 'अगंबाई' म्हणतात. मी दुकानात शिरले की कुणीतरी मागून बारीक आवाजात म्हणतं, मला कुणी बाहेर काढा गं. चार्जरवाला मान खाली घालून हसतो. आपला जुना माल, आधीच्या पाट्यांचा, ज्यात काही चूक नाही, तोसुद्धा आता उलटून पालटून बघतात. भोकात बोट घालून बघतात. माझ्यासमोर. राहिलेल्या बायाही कामावर येईनाशा झाल्या. प्रेस मी एकटी चालवते, म्हणजे चालवायला काम असलं तर.

आता फोन करून भागणार नाही. जिथे हसलास तिथेच सांग. व्हिडिओत. माप मी दिलं होतं म्हण.

ताई


३० सप्टेंबर

टोपीवाला येऊन गेला.

तुझ्यासोबत असायचा तो, नेहमी टोपी घालणारा. तुम्ही दोघं एकाच खोलीत व्हिडिओ करायचात, कंपनी दोघांनाही पहिल्या रांगेत बसवायची. आधी मी ओळखलंच नाही, टोपी नव्हती डोक्यावर. दारात उभा राहिला, हातात माझं कव्हर. म्हणाला, "चार्जरच्या दुकानातून पत्ता घेतला. हे तुम्ही केलंत?"

मी म्हटलं, हसायला आला असाल तर हसून घ्या आणि निघा. काम आहे.

"हसायला नाही आलो. हे माप तुम्हाला कुणी दिलं?"

"अंदाजाने कापलं."

"अंदाजाने बरोबर तिथेच?" मग तो कारखान्यात आत आला, मी बस म्हटलं नव्हतं तरी स्टुलावर बसला, आणि भिंतीवरचं खडूचं चित्र बघत राहिला. मग त्याने मला सगळं सांगितलं. मुलांना सांगतात तसं, सावकाश. मला त्याचा राग आला, पण कळलं सगळं.

की पाटी जाहीर होते त्याच दिवशी बाजारात कव्हर तयार असतं, त्यावरून कंपनीला संशय होता, दरवर्षी माप आधीच कुणीतरी बाहेर सोडतं. म्हणून या वर्षी त्यांनी तुम्हा सगळ्या व्हिडिओवाल्यांना पाटीची वेगवेगळी चित्रं दिली. खरं कुणालाच नाही. एकाच्या चित्रात डोळा एका बाजूला, दुसऱ्याच्या दुसऱ्या. ज्या जागी भोक पडलेलं कव्हर बाजारात दिसेल, त्या चित्राचा मालक चोर. कोपऱ्यात, उभा, लांबट, हे चित्र फक्त टोपीवाल्याचं होतं. माझी कव्हरं खिडकीत दिसली, कुणीतरी फोटो काढले, आणि कंपनीने त्याला त्याच दिवशी हाकललं. आता कुणी त्याला दारात उभं करत नाही. त्याच्या जागी पहिल्या रांगेत कोण बसतं ते मला माहीत आहे. मी बघते ना दिवसभर.

"माझं चित्र मी एकाच माणसाला दाखवलं होतं," तो म्हणाला. "आमच्या खोलीत. आम्ही दोघं आपापली चित्रं शेजारी ठेवून हसलो होतो, की बघ, कसा सापळा लावलाय."

म्हणजे तुला खरं माप माहीत नव्हतं. पण कुणाचं खोटं आहे ते माहीत होतं. आणि ते खोटं माप तू मला दिलंस. आधीच लाव ताई, खिडकीत लाव ताई. त्याचा गळा कापायला तुला सुरी हवी होती, आणि सुरी घरचीच होती, धार लावलेली, कधी न चुकणारी. त्यावर व्हिडिओ का केलास तेही आता कळलं. एखाद्याचं लक्ष गेलं नसेल तर जावं म्हणून. आवाज काढून दाखवलास, की बाबांनो बघा, चोरीचा माल हा इथे आहे.

टोपीवाल्याने विचारलं, "तुमचं त्याच्याशी नातं काय?"

मी म्हटलं, "नातं? तो एकुलता आहे ना."

तुझ्यावर माया म्हणून असं बोलले असं वाटून घेऊ नकोस. त्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. रडायला आला होता जवळजवळ, मोठा बाप्या, आणि मला किळस आली. त्याची खुर्ची गेली, माझं काय? माझी तर खुर्चीही नव्हती, एक नाव होतं. तो पुन्हा येतो म्हणाला. म्हटलं, या, पण इतक्यात नको. मला आधी एका माणसाशी बोलायचंय.

मुकादमिणीच्या दारावरून गेले परवा. तिने मला खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. बरं केलं. मी काही माफी मागायला गेले नव्हते, रस्ता तिथूनच जातो.

आता मात्र लिही. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय की असं नाही. खोटं बोललास तरी चालेल, पण बोल.

ताई


६ ऑक्टोबर

तुझं पार्सल आलं. आईच्या नावाने. माझ्या पत्रांचं उत्तर म्हणून तू नवी पाटी पाठवलीस.

मी उघडलं. मधोमध डोळा, आडवा. कडेवरून बोट फिरवलं, तू व्हिडिओत म्हणतोस तशी खरंच पातळ आहे. चालू केली तर तुझा निरोप, आईसाठी बोलून ठेवलेला. "आई, ही तुझी. जुनी फेकून दे. आणि ताईला सांग, पत्रं पाठवत नको जाऊस, इथे लोक बघतात. तिला कळत नाही, तू समजाव."

आईने तो तीनचारदा ऐकला. मग मला म्हणाली, "ऐकलंस ना?"

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. खालीच बसले तिच्या पायाशी, म्हणजे तिला माझा आवाज नीट यावा. ज्या कव्हरावर तू हसलीस ते माझं होतं. भोक कोपऱ्यात मी पाडलं, कारण त्याने सांगितलं. ते खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं. मित्राला बुडवायचं होतं म्हणून मला बुडवलं. बाजारात मला काय म्हणतात तेही सांगितलं.

तिचा हात पाटीवरच होता, कुरवाळत होती. मग म्हणाली, "मग आता त्याचं कसं चाललंय?"

मी म्हटलं, चांगलं चाललंय.

"मग झालं तर. त्याने तुझा हात वापरला, तो काही झिजला नाही ना? हात आहे तुझा. कापशील दुसरं." आणि वर म्हणते, "या नवीला एक कव्हर शिव. डोळा नीट ठेव हो यंदा."

माणसाने आईच्या तोंडावर काही बोलू नये असं मलाही वाटतं. मी उठले, प्रेसवर गेले, आणि कव्हर केलं. हो, केलं. मधोमध डोळा, आडवा, केसभरही फरक नाही. आणून तिच्या हातात दिलं. तिने बोट घालून बघितलं, बाजारातले बघतात तसंच, आणि म्हणाली, "आता कसं." तू म्हणशील इतकी कशी गं दगड. दगड नाही. मला बघायचं होतं, मला अजून येतं का.

येतं.

म्हणून आता माझी गोष्ट ऐक. तुझ्याकडून मला पैसा नको, पाटी नको, तुझा फोन नको. माझं नाव मला परत पाहिजे आणि ते तू घेतलंयस, म्हणून तूच द्यायचंस. येत्या गुरुवारी तुझ्या कंपनीचं मोठं अपडेट येतंय. तू सकाळपासून थेट बसणार आहेस, काय नवीन आलं ते सगळ्यांना दाखवायला, कंपनीची माणसंही सोबत असणार. रोज सांगतोयस, त्यामुळे मला पाठ झालंय. त्या वेळी, त्या माणसांसमोर, एवढं म्हणायचं: ती कव्हरं माझ्या बहिणीने कापली, माप मी दिलं, तिने बरोबर कापलं.

त्याने तुझं काय होईल ते मला कळत नाही असं समजू नकोस. बहीण आहे म्हटलंस की संपलं. मग कंपनीला कुणी वेगळं काही सांगायला नको, कारण ज्या घरात ती कव्हरं कापली ते घरच तुझं निघेल. मी तुझी बहीण आहे हाच पुरावा आहे, दुसरा पुरावा माझ्याकडे नाही आणि लागतही नाही. म्हणून तर एकुलता झालास. पहिली रांग जाईल, फुकटच्या पाट्या जातील, ते मित्रांनो मित्रांनो जाईल. ज्या कंपनीवर तू आईपेक्षा जास्त जीव लावलास ती तुला दारात उभं करणार नाही. मला हे सगळं कळतं. कळतं म्हणूनच मागतेय. नुसतं चार्जरवाल्याला फोन कर म्हणत होते तेव्हा स्वस्तात सुटत होतास.

आणि रडू नकोस. लहानपणी तू रडलास की मी सगळं सोडून यायचे, ती खोड तुला लागली. आता येणार नाही.

गुरुवारी मी प्रेस बंद ठेवणार आहे. नवी पाटी खुर्चीसमोर उभी करून ठेवीन, आवाज मोठा करून, आणि आईला तिथे बसवीन, शेजारी मी. तू बोललास तर ती ऐकेल, आणि तिचा एकुलता कोण आहे ते तिला कळेल. तू बोलला नाहीस तर शुक्रवारी सकाळी त्याच खुर्चीत टोपीवाला बसेल आणि या वेळी मी त्याला पाणी देईन.

पत्र नको, निरोप नको, पार्सल नको. गुरुवारी, तोंडाने.

तुझी बहीण